डाग

तापकीर गल्लीत, पोटमाळ्यावर,
जिथे उभं राहिलं की डोक्याला पंखा लागेल म्हणून
सगळे बसूनच बोलायचे,
तांबोळीमामांनी माझ्या हातात पहिल्यांदा आयर्न दिलं
ते थंड.
आठ दिवस थंडच.
"आधी पेन्सिलीसारखं धरायला शीक."

नवव्या दिवशी प्लग लावला.
त्याला आकडा नव्हता, बटण नव्हतं,
पंचवीस वॅट आणि मामांचा गाल.
गालापासून चार बोटं लांब धरून सांगायचे,
"झालंय", नाहीतर "चढलंय, काढ."
मला कसं कळणार?
म्हणाले, तारेला विचार.
टोकाला लावल्यावर पाण्यासारखी पसरली तर बरोबर,
गोळा होऊन बसली तर थांब अजून,
राळ तडतडून काळी पडली
तर तुला उशीर झाला, पोरी.

ओल्या स्पंजावर टोक पुसलं की
एकाच मोहरीच्या फोडणीचा आवाज.
मग टेकवायचं. एक, दोन, उचल.
मी चार म्हणायचे,
आणि बोर्डावरचा तांब्याचा ठिपका
खपलीसारखा निघून यायचा.
कसबा पेठेतल्या एका मंडळाच्या अॅम्प्लिफायरची
मी अशीच वाट लावली.
मामांनी केसाएवढ्या तारेनं रस्ता जोडून दिला,
बिल केलं,
मला काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

खिडकी उघडी. धूर नाकाशी नको.
शिसं लागलेल्या हातानं डबा उघडायचा नाही,
जिन्याखालच्या नळावर, साबणानं, मग भाकरी.
चहाला खाली उतरलीस तरी प्लग बाहेर.
आणि सगळ्याच्या वरचा नियम:
पडलं, तर पकडायचं नाही.
टेबल जळेल, चप्पल जळेल, पडू दे.
हात मागे.

आमच्या भाषेत डाग म्हणजे किती काय काय.
गळक्या कळशीला देतात तो.
पांढऱ्या शर्टाला पडतो तो.
आणि आईच्या डब्यातले सोन्याचे,
जे माझ्या डिप्लोमाच्या तीन वर्षांत
एकेक करून सराफाकडे गेले, तेही डागच.

मे महिन्यातली दुपार.
वीज गेली, आली, पंखा दचकला,
मी कोपर हलवलं, वायर ओढली गेली
आणि आयर्न माझ्या मांडीकडे निघालं.
मी हात मागे घेतले. शिकवल्याप्रमाणे.
मामांनी पकडलं.
मुठीकडून नाही.

नळाखाली वीस मिनिटं.
शेजारचा एलईडीवाला टूथपेस्ट घेऊन आला,
कुणी बर्फ, कुणी दौतीतली निळी शाई,
मामा सगळ्यांना मान हलवून नको म्हणत राहिले.
पाणी. नुसतं पाणी.
मी रडतच विचारलं, पकडायचं नाही ना?
"तो नियम तुला होता,"
असं म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं नळ अजून थोडा सोडला.

आता भोसरीत माझ्या टेबलावर
आकडे दाखवणारं स्टेशन आहे.
तीनशे वीस. जाड तांब्याला तीनशे साठ.
पाच मिनिटं हात लावला नाही की स्वतःच थंडावत जातं,
सुट्टीत घरी आलेल्या जावयासारखं झोपतं.
नवी आलेली आश्लेषा विचारते,
साडेचारशेवर ठेवलं तर लवकर नाही का होणार?
होईल की. जळायलाही लवकर होईल.

पहिल्या पगारातून मामांनाही तसंच एक दिलं.
स्क्रीनवर तीनशे वीस.
त्यांनी ते गालाजवळ नेलं, डोळे मिटले.
"दहा कमी आहे."
मी हसले, मग मीटर लावून पाहिलं.
तीनशे अकरा.

एकानं चूक, म्हटलं.
मामांनी उत्तर दिलं नाही, मुलाला फोन लावायला घेतला.
अंगठा ठेवला. तर्जनी ठेवली.
फोन दोघांनाही ओळखेना.
मग मधलं बोट.