एरडु हाक्री

खानापूरच्या पतसंस्थेत, वरच्या मजल्यावर,
मी जुन्या वह्या नव्या यंत्रात भरते.
खाली मिरची कांडायची गिरणी,
म्हणून दर चार नोंदींमागे एक शिंक.

शनिवारी बस्त्याव डि'सोझापाशी सगळं थांबलं.
डि, मग ती हवेत टांगलेली बारकी रेघ,
आणि पुढं काही नाही.
सोझा नाही, जांबोटी नाही, नऊ हजारांची ठेव नाही.
यंत्राला वाटलं नाव संपलं,
आता हुकूम सुरू झाला,
आणि सोझा नावाचा हुकूम त्याला ठाऊक नव्हता.

धारवाडहून फोनवर गुरुपादप्पा:
एरडु हाक्री, बाई. दोन टाका, दोन.
एक ते खातं, एक तुमाला ऱ्हातं.

टाकल्या. राहिली.
चिन्हाला नुसतं चिन्ह म्हणून जगायचं तर
त्याच्या आधी एक राखण्या लागतो.
भुजंगराव कारकुनांच्या वहीत
काही नावांआधी लाल शाईनं कै. आहे, तसा.
तो नावाचा भाग नव्हे.
पुढचं नाव कसं वाचायचं, एवढंच तो सांगतो.

मग येळ्ळूरकर.
त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.
मोजली. मात्रा, उकार, हलन्तासकट बरोबर नऊ.
एकही कमी नाही,
आणि एकातूनही अक्षर परत येणार नाही.
वही पुन्हा उघडली.

मंगळवारी रवळू कुऱ्हाडे पासबुक नाचवत आले.
छापलं होतं कुर्हाडे.
"हे काय करून ठेवलीस गे बाई?
पात्याची धार काढून टोपीवर खोवलीस!"
शोधत बसले जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.
पाय मोडलेला र आणि ह, त्यांच्या मध्ये
एक अक्षर असतं, रुंदी शून्य.
दिसत नाही, उच्चारता येत नाही,
पण रकान्यात जागा धरतं.
वह्या चढवताना कुणीतरी
रिकामं समजून झाडून टाकलं होतं.
परत बसवलं. रवळूमामांनी चष्मा पुसून
कुऱ्हाडीवरून बोट फिरवलं, नि गेले.

आज बस्त्याव आला, भिजलेली छत्री जिन्यात उभी करून.
पासबुकात डि''सोझा.
राखण्या आत राहायचा, तो बाहेर छापून आलेला.
मी म्हटलं, चूक आहे, एक काढते.
तो बराच वेळ बघत राहिला.
खातं दोघांचं होतं ना, म्हणाला,
नातालीन गेली त्याला आता तीन वर्षं.
एक माझी, एक तिची. असू दे गो.

मी जतन करा दाबलं.
प्रत्येक जतनाला त्या दुप्पट होतात,
पुढच्या खेपेला चार असतील,
हे त्याला सांगितलं नाही.