टोकन नंबर ४१२

सकाळी साडेसातला मी भोंगा देतो.
म्हणजे कुकरची शिट्टी, दुसरं काय.
वागळे इस्टेटीतला खरा भोंगा बंद पडून वर्षं झाली,
कंपनीच्या जागी काचेची इमारत उभी आहे,
पण तिला ते सांगून मी काय मिळवणार?

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर ट्रे, ट्रेमध्ये चाळीस स्विच,
जांभळी नाक्यावरून घाऊक आणलेले, पांढरे.
ती चष्मा पुसते. गाऊनवरची ओढणी खोचते, पदर समजून.
अंगठ्याने एकेक दाबते, कानाशी नेऊन ऐकते.
टक. टक.
उजवीकडे पास, डावीकडे नापास.

मुलगा फोनवर म्हणाला, "छान, खेळत बसते ना आई?"
खेळत नाही रे. कामावर आहे ती.
सव्वीस वर्षं हजेरीपटावर
शशिप्रभा चौबळ अशीच सही केली तिने,
माझं आडनाव फक्त रेशनकार्डाला दिलं.
आता त्या नावाने हाक मारली तरच वळून बघते.
मारतो.

मी कोण, हे दिवसागणिक बदलतं.
सोमवारी युनियनचा माणूस होतो,
बोनसचं काय झालं म्हणून तासभर झापलं तिने.
मी म्हटलं, बाई, बोलणी चालू आहेत.
आंघोळीच्या वेळी मात्र परका पुरुष,
तेव्हा दाराकडे पाठ करून उभा राहतो,
टॉवेल मागे धरून.
चाळीस वर्षांच्या संसारानंतर
लाजायला शिकलो पुन्हा.

रात्री ती झोपली की दोन्ही ढीग एकत्र करायचे,
उद्याच्या पाळीसाठी.
परवा हात थांबला.
नापासमधले तीन उचलले, बोर्डाला जोडून बघितले.
दोन ठीक होते.
तिसऱ्याने दिवा लागलाच नाही.
बराच वेळ तसाच अंधारात उभा होतो.
तो स्विच परत ट्रेत गेला नाही.

काल चहा देताना तिने माझी बाही धरली.
कफाचं बटण लोंबत होतं एका धाग्यावर.
अंगठ्याने दाबलं, कानाशी नेलं, मनगटासकट,
आणि नाडी लागली असावी तिला,
खूप वेळ ऐकत राहिली.
"आवाज येतोय," म्हणाली, "पण माल जुना आहे."
मग मला कुठल्या ढिगात टाकायचं
हे न ठरवताच
मनगट धरून बसली
सुट्टीच्या भोंग्यापर्यंत.