दात्याचं नाव

धारूरच्या घाटाखाली, खडकाच्या बेचक्यात
ही बोर.
मी फॉर्म काढला, पट्टी काढली.
काट्याची लांबी नऊ मिलिमीटर,
एक माझ्या अंगठ्यात.
पान वरून हिरवं, खालून राखेसारखं, लवदार.
भुरी: नाही.
पलीकडच्या बागेत उमराणच्या फळाफळावर
पीठ सांडल्यासारखी भुरी,
आणि इथं एक ठिपका नाही.

"स्थानिक नाव?"
चतुराबाई बोट दाखवत गेल्या.
"ही मांजरडोळी. ती खवट.
वढ्यातली ती लेकुरवाळी, फांदी दिसतच न्हाई फळानं.
आन तुमी धरलीया ती खोकल्याची."
खोकला जातो?
"येतो की. कच्ची खाल्ली तर."

पन्नास पावलांत चार चवी.
परभणीला आम्ही याला विविधता म्हणतो
आणि कुलपात ठेवतो.

एक तोंडात टाकलं.
कानामागची शीर ओढली गेली.
गर नखाएवढा, बाकी आठळी.
"क जीवनसत्त्व," मी डोळे मिटूनच म्हणालो,
"हिरड्यांना चांगलं."
त्या हसल्या. वरचे दोन दात नव्हते.
"आठळ्या फोडून गेले."

मी सांगत बसलो:
आजवर रानबोरीचं आम्ही खुंटच केलं,
मुळं हिची, नाव वरच्याचं.
आता हिचा पराग उमराणच्या फुलाला लावू.
गोडी त्याची, हिची ती राख.
दहा वर्षं लागतील. नाहीतर वीस.
"काटं बी घेनार?"
काटे नकोत.
"मंग शेरडं ठिवतील व्हय तुमचं झाड?"

शेवटचा रकाना. दात्याचं नाव.
च लिहिला, तर त्यांनी हात धरला.
"म्या कुठं लावली?
शेळीनं खाल्ली कुठं तरी,
हितं बसून रवंथ केला, आठळ्या थुकल्या.
तिचं ल्ह्या."
नाव?
"काळी. मेली ती, झाले चार-पाच पावसाळे."

एसटीत पिशवी मांडीवर. साठ फळं, मोजून.
माजलगाव गेल्यावर डुलकी लागली.
जागा झालो तर शेजारच्या पोराचा हात पिशवीत,
तोंड वाकडं, डोळे गच्च मिटलेले,
आणि हात पुन्हा आत.

त्रेपन्न उरली.
मी पेन काढलं. त्या च-पुढं काय लिहावं
ठरेना.
पोरानं खिडकीतून आठळी थुंकली,
पाथरीच्या अलीकडे,
डाव्या हाताला.