तीनशे चाळीस नग

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचा तिसरा अल्बम आहे.
पाचशे सीड्या काढल्या, तीनशे चाळीस नग शिल्लक.
दर मार्चला स्टॉक घेताना मी त्या मोजतो
आणि वहीत मांडत नाही.

खोकी माझ्याच कारखान्यातली, पाच पदरी.
बास सोडला आणि पुठ्ठ्याच्या धंद्यात आलो.
फार फरक नाही:
आतला माल सांभाळायचा, आपण दिसायचं नाही.

उर्मी टिपणीसबद्दल पेपरांत नेहमी चांगलंच आलं.
'शहराच्या कडेचा आवाज' असं एकाने लिहिलं,
नौपाड्यात तिच्याकडे बसून, तिच्या आईच्या हातचं निनावं खाऊन,
आणि नाव छापलं उर्मिला.
पुरस्काराची ढाल जड आहे.
गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती दाराशी असते.
गेल्या वर्षीची रॉयल्टी दोनशे चौदा रुपये साठ पैसे.
'साठ पैशांचं काय करतात रे आता?'
तिने खरंच विचारलं होतं, हसवायला नाही.

तिच्या गाण्यांत प्रेम होतं,
पण ते वीजबिलाच्या रांगेत उभं असायचं
आणि त्याच्याकडे सुटे नसायचे.
असलं गाणं लग्नात वाजत नाही.
गणपतीत तर नाहीच.

एकदा उपवनला तळ्याकाठी वाजवलं. अकरा माणसं,
त्यातली चार आमच्या घरची.
मागे एक मुलगी, नर्सच्या कपड्यांत, रात्रपाळीला निघालेली,
प्रत्येक शब्द सोबत म्हणत होती.
दुसऱ्या कडव्यात रेकॉर्डिंगच्या वेळी उर्मी चुकली होती,
'उंबऱ्याशी'च्या जागी 'उद्याशी' म्हणून गेली.
स्टुडिओचे तास संपलेले, परत घेतलं नाही.
त्या मुलीने ती चूकसुद्धा पाठ केली होती.
तेव्हापासून उर्मी चुकीचंच गाते.

गाजलं तिचं एकच.
घंटागाडीचं, पंचवीस सेकंदांचं.
ओला वेगळा, सुका वेगळा.
कुणा नगरसेवकाच्या मेव्हण्याने करून घेतलं,
सात हजार रोख, नाव कुठेच नाही.
सकाळी सव्वासातला अख्खी गल्ली ऐकते,
पोरं तोंडात ब्रश असताना तीच चाल गुणगुणतात.

परवा ती दोन बादल्या घेऊन खाली उतरली
आणि ड्रायव्हरला म्हणाली,
गाणं अर्धा सूर खाली गेलंय, रेंगाळतंय, बघा जरा.
तो म्हणाला, असू द्या ताई,
हळू वाजलं की लोकांना जिना उतरायला वेळ मिळतो.

रात्री तिचा फोन. हे सांगून हसली,
मग इतका वेळ गप्प, की मला वाटलं कट झाला.
मग म्हणाली, नवीन सगळं जरा हळू करून बघू या का?
बास आहे ना तुझ्याकडे?

आहे, म्हटलं.
पोटमाळ्यावर, खोक्यांच्या मागे.
एक तार गेलीय.