तूट

मोती चौकातल्या दुकानात काउंटरमागे
एकोणीस वर्षं मी पेढे तोलते.
काटा थांबायच्या आधी बोटांना कळतं,
एक जास्त झाला, दोन कमी पडले.
स्वतःचं वजन मात्र
मुलाणी डॉक्टरीणबाईंनी सांगावं लागलं.
"चौदा किलो उतरवा. साखर दारात उभी आहे,
आत घेऊ नका."
म्हटलं, बाई, दारात कुठली?
माझा पगारच तिच्या हातून होतो.

रात्री हिशोबाला बसले.
एवढं आलं कुठून?
सकाळी एक भाकरी, रात्री एक,
लग्नकार्यातसुद्धा मी हात आखडूनच जेवते.
मग आठवलं.

गिऱ्हाईक म्हणतं, चव बघू जरा.
मी कंदी पेढा मोडते,
अर्धा त्याच्या तळहातावर.
आणि उरलेला?
मोडलेला पेढा बॉक्समध्ये भरायचा नाही,
ही इंदलकर मालकांच्या वडिलांपासूनची रीत.
टाकून द्यावा तर अन्न.
तो जायचा माझ्या तोंडात,
सुट्टे मोजता मोजता, दोरा गुंडाळता गुंडाळता.
मालकांच्या वहीत त्याला तूट म्हणतात.
तिकडे वजा होत गेलं,
इकडे कमरेवर जमा.

आता गल्ल्याशेजारी स्टीलचा डबा ठेवलाय.
पहिल्या दिवशी दुकान बंद करताना तोलला,
पाव किलोला वीस ग्रॅम कमी.
भट्टीवरच्या तुळशीरामानं झाकण उघडून बघितलं,
"हे रोज तुम्ही एकट्या?"
मी दिवे मालवायला लागले.

सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण.
पहिल्या आठवड्यात पहिल्या वळणावरच बसले,
चपलेतला खडा काढायचं निमित्त करून.
माझ्या पुढून एक आजोबा
फोनवर जावयाशी भांडत भांडत चढून गेले.
घरी वाघ्या घेवड्याची आमटी, कूट न घातलेली.
हे म्हणतात, "आमटी आहे का काढा?"
आणि वर शेव पसरून निवांत खातात.
त्या शेवेचा आवाज
मला शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

दुपारचे चार सगळ्यात वाईट.
भट्टीवर खवा लालसर व्हायला लागतो,
तो वास पोवई नाक्याहून माणसं ओढून आणतो,
मी तर दहा पावलांवर.
फुटाणे चघळते, ताक पिते,
पण नाकाला उपास कसा घालायचा?

एका मंगळवारी मोडले.
केतकी सकाळी म्हणाली होती,
"आई, तू फोटोत मागे उभी राहा ना."
चार वाजता मागच्या पोत्यावर बसले,
एक अख्खा पेढा घेतला आणि डोळे मिटले.
कडेला किंचित करपट, आत ओलसर,
आणि सगळ्यात शेवटी वेलची.
तुळशीराम वेलची इतकी उशिरा घालतो,
हे मला एकोणीस वर्षं ठाऊक नव्हतं.
खाल्ले होते हजारो,
चाखला हा पहिला.
दुसरा घ्यावासा वाटला नाही, असं लिहिलं असतं,
पण घेतला.
तो नेहमीसारखाच लागला.

दहावीच्या निकालादिवशी कण्हेरचे एक बाबा आले.
नात पास झाली. एक किलो बांधून घेतले,
दोरा तिथंच सोडला,
"पहिला तुम्ही घ्या, पोरी."
साखरेला नाही म्हणायला मी शिकलेय.
त्यांच्या त्या थरथरत्या बोटांना
काय म्हणायचं, ते मुलाणीबाईंच्या कागदावर नव्हतं.
मी पेढा मोडला. अर्धा त्यांच्या हातावर ठेवला,
अर्धा खाल्ला, हळू,
वेलचीपर्यंत.
त्यांनी विचारलं, "गोड हाय न्हवं?"

महिन्याअखेर मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभी राहिले.
सव्वा किलो उतरलं.
तो म्हणाला, "एवढंच?"
त्याला कसं कळावं.
मी मनात पाव-पाव किलोचे पाच बॉक्स
एकावर एक रचून पाहिले,
दोऱ्यानं बांधले,
आणि उचलून बघितलं, किती जड होते ते.