पाच बाय साडेचार

पावडर रूम. मराठीत काय म्हणू?
आईला फोनवर सांगितलं, पाहुण्यांचा संडास.
ती म्हणाली, एवढं शिकून?

पाच फूट बाय साडेचार.
एक कमोड, एक बेसिन, एक आरसा.
इथे कुणी अंघोळ करत नाही,
म्हणून वाफ नाही,
म्हणून वर लाकूड चालतं.
बाकीच्या न्हाणीघरांत मी ते कुणाला लावू देत नाही.

सूरमध्ये, खाडीच्या अलीकडे,
बद्रिया बिंत खमीसचं नवं घर.
मी तीन छतं काढून नेली होती:
अक्रोडाच्या पट्ट्या, मधून लपवलेला उजेड;
भिंतीवरूनच वर चढत गेलेली निमुळती फळी;
आणि चंदलचे गोल वासे, त्यांवर खजुरीची चटई,
तिकडच्या जुन्या घरांसारखं.
तिने तिन्ही कागद सारले,
खजूर पुढे केले, कहवा ओतला
आणि मला मागच्या अंगणात नेलं.
ताडपत्रीखाली आजोबांच्या गलबताच्या अकरा फळ्या.
साग. "तुमच्याकडचाच," ती म्हणाली,
जणू मीच तो कधीतरी उसना दिला होता.

यशवंत चारी, मुक्काम पोस्ट पाट, तालुका कुडाळ,
अठरा वर्षं ओमानात.
फळीवर नख ओढून म्हणाला, मलबारी.
मग कानाशी धरून वाजवली, नारळ वाजवावा तशी.
माझ्या ड्रॉइंगमध्ये खिळ्यांची भोकं बुजवायची होती,
लुकण भरून, रंग जुळवून.
"बुजवू नकात मॅडम, ही काय किडीची नाय.
माणसान मोजून मारलेली आसत."

आठ दिवस तो फळकुटावर उताणा.
आरसा मी थेट छताला भिडवला.
फळ्यांचा बाक त्यात शिरतो, पलीकडे उतरतो,
अर्ध्याचं अख्खं गलबत होतं, उपडं,
आणि हात धुणारा माणूस त्याच्या पोटात उभा.
माझी युक्ती एवढी एकच.

कामगारांनी ही खोली वापरू नये, असा बोर्ड
चार भाषांत होता. मराठीत नव्हता.
चारी तरी उन्हातून
पत्र्याच्या डब्याकडेच जायचा.

ऑगस्टमध्ये वीज गेली, चार तास.
खाडीवरची दमट हवा घरात आली
आणि छताने तोंड उघडलं.
मुशीचं तेल.
साठ वर्षांपूर्वी कुणीतरी चिंधीने चोपडलेलं.
घरात साखरपुड्याच्या बायका, ऊद, गुलाबपाणी,
आणि पाहुण्यांच्या खोलीतून
बंदर.

मी चारीला घेऊन पोचले.
गाडीत सँडर, सीलरचे दोन डबे,
तोंडात पाठ केलेली माफी.
दार आतून बंद.
बद्रिया आत होती. पंधरा मिनिटं. वीस.
बाहेर तिची एक मावशी ताटकळत उभी,
नाकाला पदर लावून, माझ्याकडे बघत.
चारी मात्र हवा ओढून घेत होता.
"आमच्या होडयेक पण ह्याच लावतत,"
म्हणाला इतक्या हळू
की ते मला सांगितलेलं नव्हतं.

ती बाहेर आली. हात ओले.
काजळ नीट होतं का, मी बघितलं नाही.
म्हणाली, राहू दे.
मग चारीकडे वळून, अरबीत, हाताच्या खुणेने:
जा. तूही जाऊन ये.
त्याने बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
चपला काढल्या
आणि आत गेला.
कडी लागल्याचा आवाज आला.

फायनल ड्रॉइंगमध्ये छताच्या बाणापुढे
जुना साग, मॅट सीलर, तीन हात, असं होतं.
ते मी खोडलं.
तिथे काय लिहायचं, अजून ठरत नाही.
बाण तेवढा आहे.