पन्नासच्या आसपास

भिंतीवर एकच आकडा महत्त्वाचा:
४९.९६.
बाकीचे दिवे म्हणजे त्याची भावकी.

मेची एकोणीस तारीख, सात वाजायला आलेत.
राजस्थानातल्या काचांवरचं ऊन उतरलं
आणि इकडे मालाडपासून मानखुर्दपर्यंत
माणसं चपला काढायच्या आधी
रिमोट शोधताहेत.

वीज फारशी साठवता येत नाही,
पहिल्या दिवशीच शिकवतात आम्हाला.
सुक्या बोंबलासारखी काठीवर टांगून
पावसाळ्याची बेगमी होत नाही तिची.
ती ताजी मासळी. आली की गेली पाहिजे,
मागितली की आलीच पाहिजे.
मी तांडेलांची हर्षला. मला लगेच कळलं.

४९.९१.
कुलथे साहेब चहा तसाच ठेवून उठतात.
मी घाटातल्या केंद्राला फोन लावते:
"दोन नंबरचं मशीन घ्या."
पलीकडून कुणीतरी झोपमोड झाल्यासारखं "घेतो" म्हणतं
आणि डोंगरावर अडवलेलं पाणी
पाइपातून कड्याखाली झेपावतं,
चेंबूरच्या एका बेडरूममध्ये
सव्वीसचे बावीस व्हावेत म्हणून.

४९.८८.
आता यादी. ज्यांनी लिहून दिलंय
की सांगाल तेव्हा तासभर थांबू.
दोन मॉल, एक रंगाचा कारखाना, असे सहा,
आणि सातव्या ओळीवर
ससून डॉकजवळचा बर्फाचा कारखाना,
जिथून माझा बाप तीस वर्षं बर्फ उचलतोय.

मी थांबले नाही. म्हणजे, थांबले;
एक श्वास, फार तर दीड.
मग वाचली ती ओळ फोनवर,
आधीच्या सहांसारखीच.

४९.९३.
४९.९७.
कुलथे साहेब गार चहा पितात, तोंड वाकडं करून.
शहराला काहीच कळलं नाही.
त्याला कळू नये
याचाच पगार मिळतो आम्हाला.

अकराला पाळी सुटली. घरी गेले तर बाबा दारात
पाट्या धूत बसलेले.
"आज बर्फ उशिरा मिळाला," म्हणाले,
"मालकाला वरून कुणाचा तरी फोन आलेला म्हणे."
उरलेल्या पापलेटांना मी बोट लावून बघितलं.
डोळ्यांवर थोडी साय धरली होती.

"काय उकडतंय गं, पंखा वाढव," आतून आई.

मी बटण चारवरून पाचवर नेलं,
हळूच,
जणू कुणी बघतंय.